लंकाबाईंना जगणे जमत नाही

शिक्षकाला शिकवणे सोडून कोणतेही काम देता येते, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला कटाक्षाने जातो. जनगणना, मतदारयाद्या, शौचालयांची मोजणी हे सारे मी पाथर्डी तालुक्यात यथाशक्ती पार पाडले आहे. त्यामुळे पुण्याची एक कंपनी आमच्या गावात मालिका काढायला आली, तेव्हा ‘स्थानिक समन्वयक’ म्हणून इसहाक सरांचे, म्हणजे माझेच, नाव पुढे आले. मीही नाही म्हणालो नाही. समन्वयकाला गळ्यात अडकवायला कार्ड मिळणार होते.

मालिकेचे नाव ‘शेवटची मोळी’. बारा ऊसतोड मजूर उसाच्या एका फडात कोंडले जातात. संध्याकाळी ज्याची तोड सर्वांत कमी भरते, तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही. मुखवटे घातलेले श्रीमंत लोक ही गंमत पडद्यावर बघत बसतात. “विषमतेवर जळजळीत भाष्य आहे,” निवड समितीच्या प्रमुख निकिता मॅडम म्हणाल्या. मुख्य भूमिकेसाठी त्यांना अस्सल ऊसतोड बाई हवी होती.

मी लंकाबाईंचे नाव दिले. वीस वर्षे त्यांच्या हातात कोयता आहे. शिवाय यात माझाही स्वार्थ होता. त्यांची धनश्री माझ्या दहावीच्या वर्गात पहिली यायची. आईबाप तोडीला गेले की पोरीला भाकरी थापायला बरोबर जावे लागे, आणि परीक्षा तर ऐन तोडीच्या हंगामात, मार्चमध्ये. हे काम मिळाले तर घर चार महिने गावातच राहणार होते आणि पोर परीक्षेला बसणार होती.

“सर, मला नाटकबिटक न्हाई येत,” लंकाबाई म्हणाल्या.

“नाटक करायचंच नाही. रोज करता तेच करायचं.”

“मंग लई सोपं हाय.”

तिथेच आम्ही दोघे फसलो.

पहिली चाचणी मोळीची. लंकाबाईंनी मोळी डोक्यावर घेतली, फळीवरून ट्रकात चढवली आणि खाली येऊन पदराने तोंड पुसत विचारले, “आजून किती?”

समितीने नोंद केली : ‘श्रम दिसत नाहीत.’

“जरा अडखळा ना,” निकिता मॅडम म्हणाल्या.

“अडखळले तर मान मोडंल की, बाई.”

“तेच हवंय आम्हाला!”

दुसऱ्या चाचणीत उसाच्या वाळल्या पाचटात गुपचूप साप सोडण्यात आला. लंकाबाईंनी तो कोयत्याच्या टोकाने उचलून बाजूला ठेवला. “रबरी हाय. कुना लेकराचा असंल, इचारा,” म्हणाल्या. नोंद : ‘भीतीचा अभाव.’

मग त्यांना तुटपुंज्या शिध्यावर तीन दिवस कोपीत ठेवले. उसाच्या पाल्याची खोपटी, आत काही नाही. चौथ्या दिवशी समिती पाहणीला गेली तर जमीन सारवलेली, चूल मांडलेली, आणि चित्रीकरणासाठी ठेवलेला, पोट बिघडून पडलेला कॅमेरावाला मऊ भात खात बसलेला. “या, बसा, च्या टाकते,” लंकाबाई म्हणाल्या. यावर समितीने ठळक अक्षरांत लिहिले : ‘उमेदवार बिकट परिस्थितीत तग धरतात. प्रेक्षकांना धास्ती वाटणार नाही.’

मी हरकत घेतली. तेव्हा मॅडमनी अनुभवाचा दाखला मागितला. मी कारखान्यापर्यंत जाऊन आलो. तिथल्या नोंदीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि नाव नवऱ्याचे लिहितात. वीस वर्षांच्या कागदांत कोयता होता, लंकाबाई कुठेच नव्हत्या.

अंतिम शेरा आला : ‘लंकाबाईंना विश्वासार्हपणे जगणे जमत नाही.’

भूमिका मुंबईच्या एका नटीला मिळाली. तिला मोळी उचलायला लंकाबाईंनीच आठ दिवस शिकवले. नटी दर वेळी सुंदर अडखळायची आणि समिती टाळ्या वाजवायची.

दिवाळी झाली, मजुरांना तोडीला नेणारा मुकादमाचा ट्रक आला. जाताना धनश्री शाळेत येऊन गेली. “हॉल तिकीट आलं की ठेवा सर, मी येते,” म्हणाली. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मला ते टाकवत नाही.

पुढच्या हंगामात मालिका आली आणि सारा जिल्हा रडला. सहाव्या भागात नटी फळीवरून अडखळते, तिथे मीही रडलो. देवळाली प्रवरात चर्चासत्र ठरले : ‘ऊसतोड मजूर आपल्याला कधी दिसणार?’ प्रमुख वक्ता अर्थातच मी.

गावाहून गाडीने वेळेत निघालो होतो. राहुरीच्या पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. तो पुढे सरकेना आणि मला पुढे जाऊ देईना. भाषणाची वेळ टळत चालली होती. मी हॉर्न दाबला, मग दाबूनच धरला. “रस्ता यांच्या बापाचा आहे का?” असेही मी मोठ्याने म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो.

मागच्या ट्रॉलीत मोळ्यांवर एक मुलगी बसली होती. तिने वळून पाहिले आणि मला ओळखून आनंदाने हात हलवला. धनश्री होती.

मी हॉर्नवरून हात काढला. तरी हॉर्न वाजतच होता. आरशात पाहिले तर मागे चर्चासत्राला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. पहिल्या गाडीत तुम्ही होतात. मालिका पाहून सुजलेले डोळे तेवढ्या अंतरावरूनही दिसत होते, आणि हात हॉर्नवर होता.