भरल्या पोटाचे भुंगेरे

माझा नेम कधी मोडत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. अभिमान न करण्याचाही माझा एक नेम आहे; तो मात्र अधूनमधून मोडतो.

न मोडणारा नेम असा: स्वतःच्या तोंडात घास घालण्याआधी कुठल्या तरी मुक्या जिवाला घास द्यायचा. रोज. तोवर पाणी चालतं, अन्न नाही. घरी असले की अडचण नसते, खिडकीत चिमण्या येतात. निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात मला नोकरी लागली तेव्हा तर मी अगदीच निश्चिंत झाले. धाकट्या जावेला म्हटलंसुद्धा, "आता इमारतभर प्राणीच प्राणी. माझ्या नेमाची सोय देवानेच लावली."

"ताई, त्या सगळ्यांत भुसा भरलेला आहे ना?" ती म्हणाली.

तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे दर रविवारी लोकांसाठी काही ना काही कार्यक्रम असतो. पक्ष्यांचे आवाज ओळखा, सापडलेला दगड घेऊन या आणि त्याचं नाव घेऊन जा, देवमाशाच्या सांगाड्याखाली बसून गोष्टी ऐका. खुर्च्या मांडणं, लोकांना बसवणं, पाण्याची व्यवस्था, ही माझी कामं. त्या वर्षीचा पहिला रविवार हाडंकाकांना मिळाला होता.

हाडंकाका म्हणजे आमच्याकडचे सांगाडे साफ करून जोडणारे गृहस्थ. ते मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसतात, कारण त्यांचे मदतनीस आहेत भुंगेरे. काळपट, तांदळाच्या दाण्याएवढे, काचेच्या मोठ्या पेटीत राहणारे. एखादं वाळलेलं डोकं त्यांच्यात ठेवलं की ते मांस तेवढं खातात आणि हाडाला ओरखडासुद्धा पडत नाही. हाडंकाका त्यांना 'माझी माणसं' म्हणतात. स्वतःच्या माणसांना ते काय म्हणतात ते मला माहीत नाही.

पण याच भुंगेऱ्यांना मुख्य इमारतीत मोकळं सोडलं, तर ते आमचं भुसा भरलेलं अस्वल केसांसकट संपवतील. म्हणून संचालिका बाईंना ते नकोच होते. त्यांच्या जागी रसायनाची टाकी आणायचं बाईंनी जवळजवळ ठरवलं होतं. हाडंकाकांनी हातापाया पडून एक रविवार मागून घेतला.

"लोकांना आवडले तर राहतील," बाई म्हणाल्या. "लोक कंटाळले, किंवा एक जरी पेटीबाहेर दिसला, तर सगळ्यांना औषध घालायचं. मग माझ्याकडे यायचं नाही."

हाडंकाका मान डोलावून बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "काळजी करू नका. माझ्या हातून काही कमी पडणार नाही."

आणि खरंच, कमी असं काही पडलं नाही.

त्या रविवारी मी इतक्या लवकर निघाले की चिमण्या उठल्या नव्हत्या. कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घास दाखवला, तर त्याचं आधीच कुठे तरी जेवण झालं होतं; त्याने माझ्याकडे पाहून जांभई दिली. म्हटलं, जाऊ दे, कामावर कोणी ना कोणी भेटेल. सकाळ खुर्च्या मांडण्यात गेली. दुपार झाली. पोटात कावळे ओरडत होते, पण पोटातले कावळे नेमाला चालत नाहीत. मी दालनादालनांतून फिरले. गेंडा, तरस, अस्वल, काचेमागचे बगळे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि एकालाही भूक नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

शेवटी डबा घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. आम्हाला जेवायला तिथेच परवानगी आहे. आतल्या दालनांत खाण्याचा कण न्यायचा नाही. हाडंकाका आत टेबल मांडायला गेले होते. शेडमध्ये मी आणि ती पेटी. वाकून पाहिलं तर सगळे भुंगेरे काचेशी गोळा होऊन सैरावैरा फिरत होते. पेटीत खायला काही म्हणून काही नव्हतं.

मला भरून आलं. आज यांचा एवढा मोठा दिवस, आणि गडबडीत कोणी जेवायलाही घातलं नाही. डब्यात पाव आणि चीज होतं. मी झाकणाला असलेली छोटी खिडकी सरकवली आणि आधी एक तुकडा टाकला. असे तुटून पडले म्हणून सांगू! मग दुसरा टाकला. मग सगळंच चीज टाकलं आणि नुसता पाव त्यांच्या शेजारी बसून खाल्ला. इतकं समाधानाचं जेवण मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. हात जोडून मी म्हटलं, देवा, कुठे कुठे माझी सोय करून ठेवतोस.

हात जोडलेलेच होते, तेवढ्यात हाडंकाका आले. खूश दिसत होते.

"लोक यायला लागलेत," ते म्हणाले. "आता बघा मजा. तीन दिवस उपाशी ठेवलंय पठ्ठ्यांना. चार वाजता माशाचं डोकं आत सोडलं की लोकांच्या डोळ्यांदेखत फडशा."

"उपाशी... मुद्दाम?"

"मग काय. भरल्या पोटी ते ढिम्म हलत नाहीत. लोक काय बघणार, झोपलेले भुंगेरे?" आणि मला पेटी चाकाच्या गाडीवर घालून आणायला सांगून ते गेलेसुद्धा.

मी पेटीकडे पाहिलं. सगळे तळाशी पसरले होते, लग्नाच्या पंगतीतून उठून आलेल्या मामालोकांसारखे. एकाने पाय हलवला. तोही बहुधा कूस बदलायला.

मी घरी फोन लावला. अशा वेळी मला धाकटीच आठवते. तिचा आवाज चार घरांना ऐकू जातो, पण डोकं थंड आहे.

"अगं, जेवून तृप्त झालेल्यांना लगेच पुन्हा भूक लागायला काय करावं?"

"कोण जेवलं?"

"सगळेच. हजारेक असतील."

"तुम्ही हजार जणांना जेवायला घातलंत?"

"माझ्याच डब्यातलं गं."

 ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं जेवण झालं का?"

"झालं. त्यांच्याच पंगतीला बसले."

"बरं बरं. त्यांना म्हणावं, जरा उन्हातून फिरून या. जेवण जिरतं."

"फिरणार कुठे? पेटीत आहेत ना सगळे."

"ताई," ती म्हणाली, "आहात तिथेच बसून राहा. सावलीत. मी भाऊजींना घेऊन येते."

भाऊजी म्हणजे आमचे हे. त्यांना कशाला आणतेय ते मला कळलं नाही, पण उन्हाचं मात्र पटलं. मी गाडी ढकलत अंगणात नेली आणि पेटी उन्हात ठेवून जप करत बसले. आणि काय आश्चर्य, जरा वेळाने सगळे तरतरीत. काचेवर चढतायत, उतरतायत, पाठीवरची टरफलं उघडून आतले पंख झटकतायत. मी मनात धाकटीचे शंभर वेळा आभार मानले आणि पेटी आत नेली.

हाडंकाकांचे मदतनीस शेडच्या अंधारात, गारव्यात राहतात. भरपूर ऊब मिळाली तर ते उडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी का? पेटी उन्हात ठेवायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दालन भरलेलं होतं. संचालिका बाई पहिल्या रांगेत. हाडंकाकांनी स्वच्छ कपडे घातले होते. "मंडळी," ते म्हणाले, "ही माझी माणसं." आणि माशाचं डोकं आत ठेवायला त्यांनी झाकण उचललं.

त्यांची माणसं उठली आणि निघाली.

सगळी नाही, पण पुष्कळ. एक बारीक काळा ढग पेटीतून वर आला, दिव्यापाशी फिरला आणि दालनभर पांगला. दोन अस्वलाच्या नाकावर बसले. हाडंकाका झाकण हातात धरून तसेच उभे. पुढच्या रांगेतून संचालिका बाई उठल्या. त्यांनी नुसतं हाडंकाकांकडे पाहिलं. त्या पाहण्यातच संध्याकाळचं औषध होतं.

 ज्यांना सकाळपासून जेवू घालायला शोधत होते, त्यांना मीच मारलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "यांची काही चूक नाही. मी..." पण माझा आवाज माझ्या शेजारच्यालाही पोचत नाही.

तेवढ्यात दारातून धाकटी आत आली, एका हातात साखरपाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात आमचे हे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हवेत पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा. हे हजारेक."

मी तिच्या कानात सगळं सांगितलं. ती वळली.

"ऐका हो!" दालनातले बगळेसुद्धा दचकले असतील. "ताई म्हणतात, किड्यांना त्यांनी जेवायला घातलं. वर उन्हात बसवलं. काकांची काही चूक नाही, सगळी त्यांचीच आहे. मला विचाराल तर मलाही तसंच वाटतं."

लोक हसले. त्या हसण्याने हाडंकाका जागे झाले. "दारं लावा," ते दाराशी उभ्या असलेल्या रखवालदार दादांना म्हणाले. "दिवे बंद करा, एवढा एकच ठेवा. उजेडाखाली पांढरं काही तरी धरा. ते पांढऱ्यावर येऊन बसतात. चादर आहे का कोणाकडे?"

चादर नव्हती. मग सगळ्यांचं लक्ष हळूहळू आमच्या ह्यांच्याकडे गेलं. ह्यांना रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट लागतो.

"मी फक्त बायकोला न्यायला आलोय," हे म्हणाले.

"हात पसरा," हाडंकाका म्हणाले.

ह्यांना अस्वलाच्या शेजारी, दिव्याखाली उभं केलं. एक भुंगेरा आला. मग चार. मग शर्टावर ठिपकेच ठिपके.

"चावतात का हे?"

"जिवंत माणसाला नाही. त्यांना फक्त वाळलेलं लागतं."

"मी वाळलेला नाही, हे त्यांना कोण सांगणार?"

"भाऊजी, बोलू नका, पोट हलतं," धाकटी म्हणाली.

मी पाण्याचे कागदी पेले वाटले. लोक रांगेने पुढे यायचे, ह्यांच्या अंगावरून एकेक भुंगेरा पेल्यात घ्यायचे आणि पेटीत सोडायचे. आणि हाडंकाका बोलत होते. याची मिशी बघा, ही मादी, याने मागच्या वर्षी वटवाघूळ साफ केलं.  लोक गुडघ्यांवर बसून अस्वलाच्या पायांत शोधत होते. एक आजोबा तर दोनदा रांगेत उभे राहिले. आणि पेटीत परतलेल्यांचं काय झालं म्हणता? फिरून आल्यावर भूक लागतेच. ते सरळ माशाच्या डोक्यावर जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाजवता आल्या नाहीत.

मग दिवे लागले. हाडंकाकांनी ह्यांना उलटसुलट फिरवून पाहिलं. अस्वलाची नाकापासून शेपटीपर्यंत तपासणी झाली. आठवडाभर दालनात चिकट सापळे लावायचं ठरलं. (लावले. एकही सापडला नाही. देवाचे आणि ह्यांच्या इस्त्रीवाल्याचे आभार.)

संचालिका बाई पेटीपाशी गेल्या आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मागून एक आजी म्हणाल्या, "मी लहान असल्यापासून इथे येते. आज पहिल्यांदा इथे काही तरी हललं. पुढच्या रविवारी आहे का हो?"

बाई सरळ उभ्या राहिल्या. "भुंगेरे राहतील," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये. महिन्यातून एक रविवार शेडमध्येच लोकांना दाखवायचे. कडीकुलपात."

हाडंकाका खुर्चीत बसले आणि रुमाल शोधायला लागले. तो हातातच होता. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. उपकार तर त्यांचे, की त्यांनी झाकण माझ्या डोक्यात घातलं नाही. धाकटीचे, तिच्या आवाजाचे. त्या गुडघ्यांवर बसलेल्या अनोळखी लोकांचे. आणि ह्यांचे, हे घरी जाईपर्यंत हात पसरूनच चालत होते.

निघताना बाईंनी मला हाक मारली.

"तुमचं मन फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"म्हणून उद्यापासून तुम्ही दगडांच्या दालनात. तिथे कोणालाच भूक लागत नाही."

दगडांचं दालन तळघरात आहे. भर उन्हाळ्यातही तिथे छान गार असतं. मी बाईंची फार आभारी आहे.