भोंगा-सहिष्णुता उपसमिती

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका संशोधन संस्थेत पेशी साठवायचा फ्रीजर तापला की भोंगा वाजतो. वाजलाच पाहिजे, असा नियम आहे. पहिल्यांदा वाजला तेव्हा कुणीतरी दार नीट लावलं नव्हतं, एवढंच कारण होतं. पण अख्खी संस्था धावत सुटली. लेखापाल जिन्यावरून गडगडला, अग्निशमनवाल्यांनी फवारे सोडले, संगणक न्हाऊन निघाले. फ्रीजर मात्र ठणठणीत होता.

यावर उपाय काढायला संचालक डग पिकरिंगने तिथल्याच संशोधक रोवेना टुलीला बोलावलं. तिची हयात याच विषयात गेली होती. रक्तातल्या पहारेकरी पेशींना जंतूंचं विष दिसलं की त्या असा काही गहजब करतात, की विष परवडलं पण तो दाह नको. त्यांनाच आधी विषाचा बारीकसा डोस दिला, तर पुढे मोठा डोस आला तरी त्या गप्प बसतात. दुर्मीळ आजाराच्या रुग्णांनी दिलेल्या तिच्या साऱ्या पेशी त्याच फ्रीजरमध्ये होत्या. त्या गेल्या की संशोधन गेलं, आणि पाठोपाठ नोकरी.

डगने तिचा प्रबंध निम्मा वाचला होता आणि तेवढ्यावर तो बेहद्द खूश होता.

"मग माणसांनाही डोस देऊ की," तो म्हणाला. "रोज सकाळी थोडा थोडा भोंगा."

"अरे बाबा, पुढची पानंही वाच. गप्प बसलेल्या पेशींच्या नाकासमोरून खरे जंतू वरात काढून जातात."

"तू फार ताणतेस, रो. होईल सगळं नीट."

झालं. उपसमिती नेमली गेली आणि भोंगा रोज वाजू लागला. लोक आधी दचकले, मग नुसत्या भुवया उचलू लागले, मग तेवढेही कष्ट कुणी घेईना. जो तरीही दचके, त्याच्या नावापुढे 'प्रतिसाद-नियमन असमाधानकारक' असा शेरा पडे आणि त्याला जादा डोस मिळे. रोवेनाला तो बऱ्याचदा मिळाला. शेवटी तीही उत्तीर्ण झाली.

संस्थेला पुरस्कार मिळाला. भर फेब्रुवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, घामाच्या धारांत, त्याचं चहापान चालू असताना फ्रीजर खरोखरच बंद पडला. भोंगा इमानदारीत बोंबलू लागला. केक घेऊन आलेल्या बेकरीवालीने रोवेनाला हटकलं.

"बाई, आत काहीतरी वाजतंय हो."

रोवेनाने लॅमिंग्टन केकवरचा खोबऱ्याचा कीस बोटांवरून झटकला.

"वाजू दे गं. रोजचंच आहे."

दुपारी तिने फ्रीजर उघडला, तेव्हा आत साऱ्या मेहनतीचं पाणी झालं होतं. ती फरशीवर फतकल मारून ढसाढसा रडली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून गेले.

चौकशी अगदी चोख झाली. भोंगा वेळेवर वाजला होता, कर्मचारी शांत होते, जिन्यावरून कुणीही पडलं नव्हतं. सबब दोष कुणाचाच नाही, फार तर पेशींचा. रोवेनाची नोकरी नियमानुसार संपली आणि उपसमितीला नियमानुसार मुदतवाढ मिळाली.

वाचकहो, हे वाचून तुमचं डोकं फिरलं का? मुठी आवळल्या? नाही ना, नुसतं हसूच आलं. अभिनंदन, तुमचेही डोस वेळेवर चालू आहेत.