चालकाच्या मागची सीट

आमच्या घरचे बुवा, म्हणजे माझे यजमान, घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. गाडी कोणतीही असो. शेजाऱ्याची मोटरसायकल घेतली तरी मागच्यानं पाठीवर दोन थापा मारल्या पाहिजेत, मगच त्यांचा पाय गिअरवर पडतो. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नेर डेपोत एसटी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले तेव्हा अंगावरची खाकी तेवढी उतरली, बाकी सगळं तसंच राहिलं.

ही खोड घेऊन ते ऑस्ट्रेलियात गेले, आणि सोबत मला नेलं. त्याचा राग अजून पुरता उतरला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची सुजाता तिकडे टाउन्सव्हिल नावाच्या गावी नर्स आहे. तिला सुट्टी मिळेना आणि बापाला तिच्या घरात करमेना. दिवसभर खिडकीत उभे राहून जाणाऱ्या बसेस मोजायचे. शेवटी तिनं सगळ्यात स्वस्त पाहून एक जुनी व्हॅन भाड्यानं घेऊन दिली. आत पलंग, शेगडी, हात धुवायला मोरी, एका डब्यात सगळा संसार. समुद्राच्या कडेकडेनं वर केर्न्सपर्यंत जा आणि परत या, म्हणाली. तिकडेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, आणि परदेशात चालवायचा परवाना बुवांनी यवतमाळहून आधीच काढून आणला होता.

मी मनातून खुश होते. इतक्या वर्षांत यांच्या गाडीत मी एकदाही बसले नव्हते. माहेरी दारव्ह्याला निघाले की म्हणायचे, सकाळची गाडी माझ्याकडं आहे, तू दुपारच्या गाडीनं जा. का, ते सांगायचं नाही. आता मात्र यांच्या शेजारी, मोठ्या काचेसमोर बसून जग पाहायचं, असं ठरवून मी नवी साडी नेसले आणि व्हॅनचं पुढचं दार उघडलं.

"तिथं नाही. मांगं बस," बुवा म्हणाले.

"काहून?"

"कंडक्टर कधी समोर बसते का?"

मागं गेले तर छताखालून एक दोरी ओढलेली. तिच्या पुढच्या टोकाला, आरशाजवळ, बैलाच्या गळ्यातली घंटी. आमच्याकडे बैल नाही, कधी नव्हता. ही घंटी त्यांनी नेरच्या बाजारातून घेऊन, माझ्या लुगड्यांत गुंडाळून विमानानं आणली होती. आणि दोरी म्हणजे माझ्या परकराचा नाडा. यांच्या सीटच्या पाठीला, बरोबर माझ्या नाकासमोर, स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलेला: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. मी चौथी शिकले. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला, की त्या देशात दिवसभर हीच एक ओळ वाचली.

दुतर्फा ऊस होता म्हणतात. उसाच्या छोट्या आगगाड्या होत्या, केळीच्या बागा होत्या. मला दिसलं ते यांचं टक्कल. बाजूच्या खिडकीतून जे दिसायचं ते दिसेपर्यंत मागं पडायचं. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हे हात वर करून सलाम ठोकायचे, आणि गोरे ड्रायव्हरही उलट हात करायचे. यांना वाटायचं, सगळे आपल्याच खात्यातले.

एका गावाबाहेर एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. तिनं हात हलवला. यांनी घातला ब्रेक. "दार उघड, पॅसिंजर हाय." मी दार उघडलं. ती बाई रस्त्यापलीकडच्या आपल्या कुत्र्याला बोलावत होती. परक्या मुलखात, भाषा येत नाही, मी दार धरून उभी, ती माझ्याकडं पाहते, कुत्रा माझ्याकडं पाहतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरून हे विचारतात, "कुठी जाते म्हणते?"

जेवायला थांबायचं तेही एसटीसारखं. गाडी थांबवून एकट्या मला उद्देशून गर्जना: "दहा मिनटं थांबन, चहापानी करून घ्या." तिकडच्या बागांत लोकांसाठी फुकटचे विजेचे तवे असतात. त्यावर मी पोळ्या टाकायची. चौथी पोळी शेकेपर्यंत यांचा हॉर्न सुरू.

रोज सकाळी मी पुढचं दार उघडायची, रोज हे मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी मी घंटीच दिली नाही. बसून राहिले. हेही बसून राहिले. गाडीत दोन माणसं, इंजिन चालू, आणि कोणी हलेना. ऊन चढलं. शेवटी मीच नाडा ओढला, पण इतक्या जोरात की घंटी निसटून यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती मुकाट्यानं परत बांधली.

त्याच दुपारी दाट जंगलातून रस्ता होता. एकाएकी उजवीकडच्या झाडीतून एक पक्षी रस्त्यावर आला. माणसाएवढा उंच, निळी मान, डोक्यावर हाडाचा तुरा. बुवांनी गाडी डावीकडं घातली. मोठा आवाज झाला आणि सगळं थांबलं. पक्षी शांतपणे चालत निघून गेला.

झाडाची जाड फांदी डाव्या काचेतून आत घुसली होती. पुढच्या रिकाम्या सीटवर काचांचा खच पडला होता, आणि फांदीचं टोक उशीत रुतलं होतं.

मी उतरून त्या सीटकडं पाहत राहिले. बुवाही उतरले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"गाडीवर काही आलं ना," ते म्हणाले, "त ड्रायव्हर पह्यले आपल्या अंगाले वाचवते. सोचून नाही करत. हातच करते. मार सारा डाव्या अंगाले जाते. लय पाह्यलं म्या. म्हून तुले माह्या मांगं बसवलं."

"अन् दारव्ह्याची गाडी?"

"गर्दीत मांगची सीट तुले भेटनच, असं कोणी सांगावं. माह्या हातानं तुले काही झालं असतं, त मले पुन्हा स्टेरिंग धरता आलं नसतं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. हे एक वाक्य सांगायला या माणसाला अर्धा जन्म आणि एक फांदी लागली. मी आयुष्यभर समजत होते, की बायको गाडीत बसलेली यांना लाज वाटते.

फांदी ओढून काढली, काचा झाडल्या, सुजाताला फोन करून शिव्या खाल्ल्या. जवळच्या गावापर्यंत गाडी हळूहळू न्यायची ठरली. मी मागं जाऊन बसले. कोणी न सांगता.

गाडी चालू लागल्यावर पुढून आवाज आला. "चालकाशी बोलू नये, असं लिवलं हाय. चालकानं बोलू नये, असं कुठी लिवलं नाही."

आणि ते बोलू लागले. डाव्या हाताले ऊस आला पाहा. पूल येऊन राह्यला. नदी मोठी हाय, पानी गढूळ हाय, मगरीची पाटी लावली हाय. मला जे दिसत नव्हतं ते एकेक करून सांगत गेले. मधेच म्हणाले, "इतके वर्स गाडी भरून माणसं नेली. मांगं घरचं कोणी नव्हतं. बोलावं तरी कोणाशी?"

मग गप्प झाले. माझी वाट पाहत असावेत.

राग होताच. मी फक्त नाडा धरला आणि दोनदा ओढला.