मसान, व्हाया अर्जुनी

माझा नवरा ज्या शहरात आहे असं सांगतो, ते शहर जगात आहे की नाही, या काळजीनं माझी झोप उडाली होती. (बाकीच्या बायकांची झोप नवरा कुठे गेला म्हणून उडते. माझी, तो जिथे गेला ते कुठे गेलं म्हणून.)

विवेक नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशीनवर आहे, सुटीला घरी येतो. तिथे कोरियाचं नवं मशीन येणार होतं आणि ते शिकून यायला कंपनीनं त्याला तीन महिन्यांसाठी थेट कोरियाला धाडलं. घरातून परवानगी लगेच मिळाली, कारण कोरियात बुद्धाचे मोठमोठे विहार आहेत हे सासूबाईंनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. अशा देशात पोरगा वाया जाणार नाही, हे त्यांचं मत. तो परत येईपर्यंत गावात बोभाटा नको, हेही त्यांचंच. मी मात्र पोचल्याबरोबर फोन करायला बजावलं होतं. त्यानं तो केला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

"कोणत्या गावात आहेस?" (एरवी 'तू'. सासूबाई ऐकत असतील तर 'तुम्ही'.)

"मसान."

"आणि कंपनीचं नाव काय?"

"मसान."

"मी गावाचं नाही, कंपनीचं विचारते आहे."

"तेच सांगून राहिलो ना. मसान."

"बरं, राहायला कुठे दिलं?"

"मसान हाऊस."

परदेशात नोकरी लावतो म्हणून पोरांना नेतात, पासपोर्ट काढून घेतात, कोंडून ठेवतात, हे सगळं मी मोबाइलवर वाचलेलं आहे. कोंडलेला माणूस असंच बोलणार. मागे कोणीतरी काठी घेऊन उभं असणार आणि याला एकच शब्द शिकवलेला असणार.

मी शोध घ्यायला बसले. इंटरनेटनं सांगितलं की मसान हे कोरियातलं एक शहर होतं. होतं. सन २०१० मध्ये ते शेजारच्या चांगवॉन शहरात विलीन झालं. मी मराठी घेऊन बी.एड. केलेलं आहे. शिक्षकभरती निघत नाही हा भाग वेगळा, पण भूतकाळ मला ओळखता येतो. आणखी खाली गेल्यावर मसान नावाची एक कंपनीही सापडली, पण ती निघाली व्हिएतनामची, आणि विकत होती माशांचा सॉस. म्हणजे शहर होतं ते उरलेलं नाही आणि कंपनी आहे ती दुसऱ्याच देशात. नवरा मशीन शिकायला गेला आहे की चटणी, हा नवा संशय सुरू झाला.

खरं म्हणजे एका नावाच्या दोन जागा असण्याचा संशय निदान मी तरी घ्यायला नको होता. माझं माहेर अर्जुनी आणि सासरही अर्जुनी. माहेरची ती अर्जुनी मोरगाव, सासरची ही सडक अर्जुनी. दोन्ही गोंदिया जिल्ह्यातच. आमच्या लग्नात नवरदेव त्या अर्जुनीत येऊन उभा होता आणि बँडवाले या अर्जुनीत, रिकाम्या रस्त्यावर, मनापासून वाजवत होते. पण स्वतःच्या जिल्ह्यातला गोंधळ आपल्याला साधा वाटतो आणि परक्या देशातला कट.

दुसऱ्या दिवशी मी विवेकला म्हटलं, बोर्ड दाखव. त्यानं फोन फिरवून कारखान्याचं फाटक दाखवलं. वर एक चौकोन, एक काडी, एक छप्पर, पुन्हा काडी, खाली अर्धवट चौकोन. असा बोर्ड आमच्या शेजारच्या कोहमाऱ्याचा पेंटरही रंगवून देईल. मी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि भाषांतराच्या ॲपला विचारलं. ॲपनं बराच विचार करून शुद्ध मराठीत उत्तर दिलं: 'स्मशान मशिनरी. सुरक्षा प्रथम.'

त्यानंतर आमचं प्रत्येक व्हिडिओ कॉलवरचं बोलणं याच वाक्यानं सुरू होऊ लागलं: आधी बोर्ड दाखव. त्यानं कधी बसस्टॉपचा दाखवला, कधी कँटीनचा, एकदा नुसताच 'इथे थुंकू नये' असा वाटणारा. गुंजन, माझी चार वर्षांची लेक, मांडीवर बसून हे सगळं ऐकायची.

त्यात पार्सलची भर पडली. गुंजनच्या वाढदिवसासाठी त्यानं तिथून बाहुली पाठवली होती. ऑर्डरच्या पानावर पत्ता मीच इथून भरून दिला होता. वाढदिवस होऊन गेला, केक संपला, फुगे बसले, बाहुली आली नाही. पाठवली असती तर आली असती, हे उघड होतं.

मग मी एक छोटासा निर्णय घेतला. उद्या पोलीस आले, कोणी अधिकारी आला, तर पोरीला निदान बाप कुठे आहे ते सांगता यायला हवं. म्हणून मी गुंजनकडून पाठ करून घेतलं: माझं नाव गुंजन, माझे बाबा विवेक, बाबा मसानला गेले. पोरगी हुशार आहे, लगेच पाठ झालं. फक्त तिच्या व्याकरणात गावाला 'ला' लागत नाही. ती गोंदियात जाते, कोहमाऱ्यात जाते. त्या हिशेबानं बाबा मसानात गेले.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, हिच्या कानाला कसं खटकलं नाही? पण दिवसभर एकच शब्द घोकला की त्याचा अर्थ झडून जातो. मला मसान म्हटलं की फाटक दिसत होतं, लाकडं दिसत नव्हती.

पुढचं मला नंतर कळलं. अंगणवाडीच्या सुशीलाबाईंनी गुंजनला खिचडी वाढता वाढता विचारलं की बाबा दिसून नाही राहिले, कुठी गेले. पोरीनं सांगितलं, मसानात. कोण म्हणते? आई म्हणते. मग कवा येतील? आई म्हणते, येतील तेव्हा खरं.

सासूबाई सकाळीच नवेगाव बांधच्या तलावावर मासे आणायला गेल्या होत्या. मी न झोपलेल्या लाल डोळ्यांनी तांदूळ निवडत होते. एवढ्यात शेजारच्या रुक्माबाई आल्या. एरवी या बाई फाटकातूनच खणखणीत 'जयभीम' घालतात, की झाडावरची पाखरं उडावीत. त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन, पाय न वाजवता आल्या आणि माझ्याशेजारी खाली बसल्या. पाठोपाठ त्यांची सून प्रेमिला. मग आणखी दोघीतिघी. माझ्या हातातलं सूप कोणीतरी हळूच काढून घेतलं.

यांना विवेकबद्दल काहीतरी कळलं आहे, जे मला माहीत नाही.

"कवा समजलं?" रुक्माबाईंनी विचारलं.

"मागच्या महिन्यात. फोन आला होता."

"कोणाचा फोन?"

"त्यांचाच."

रुक्माबाईंनी प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिलानं पदर तोंडात धरला.

"काय म्हणाले?"

"मसानला पोचलो म्हणाले. थंडी फार आहे, पण काळजी करू नको."

"एकटेच आहेत का व?"

"नाही, एका खोलीत चौघं ठेवले आहेत."

आता प्रेमिला उघडउघड रडायला लागली. दिवसभर टीव्हीसमोर असणारी ती रडते म्हणजे बातमी नक्कीच तिथे आली असणार, असं मला वाटलं.

"मंग घरी कवा आणून राहिले?" रुक्माबाईंनी विचारलं.

"तीन महिने ठेवणार. कंपनीचा नियम आहे."

"तीन महिने," रुक्माबाई पुटपुटल्या, "अन् कोणी काही बोलत नाही?"

"बोलून काय उपयोग, मावशी. मी रोज बोर्ड बघते, पण मला खात्रीच वाटत नाही. तुम्हाला काय कळलं ते सांगा ना. कंपनी खोटी निघाली का?"

रुक्माबाईंनी मला जवळ घेतलं आणि बाकीच्यांना खुणेनं सांगितलं की हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मी ती खूण पाहिली. तिचा अर्थ मी असा लावला की बातमी मला सहन होण्यासारखी नाही. मग मी हंबरडाच फोडला.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई पिशवी घेऊन दारात. पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली. अंगणात चपलांचा ढीग, आत रडारड. त्यांनी आधी गुंजनला शोधलं, ती कोपऱ्यात खडूनं भिंत रंगवत होती, मग मला पाहिलं, आणि विचारलं की कायले जमल्या साऱ्या.

रुक्माबाई उठून त्यांच्या गळ्यात पडल्या. "सुलोचना, घरात असं झालं अन् तू मासे घेऊन राहिली व?"

सासूबाईंना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण प्रेमिलाच्या गुडघ्याशी पडलेला माझा फोन वाजला. तिनं मदत म्हणून तो उचलला, स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि विंचू चावल्यासारखा फेकला. विवेकचा कोरियाचा नंबर मी 'विवेक मसान' या नावानं साठवलेला आहे.

फोन सासूबाईंनी उचलला. डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला विवेक दिसला. एवढा मोठा महिलामेळावा पाहून त्यानं सगळ्यांना जयभीम घातला. कोणी परत घातला नाही. शेवटी रुक्माबाई फोनच्या अगदी जवळ गेल्या.

"तू जित्ता आहेस का रे?"

मग उलगडा व्हायला लागला. सुशीलाबाईंचं नाव निघालं, गुंजनचं निघालं आणि फिरून फिरून माझ्यावर आलं. विवेकनं सांगितलं की तिकडे 'सान' म्हणजे डोंगर, आणि गावावरूनच कंपनीचं नाव ठेवलेलं. पुढे गाव मोठ्या शहरात गेलं, पण लोक अजून मसानच म्हणतात. सासूबाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं आणि मासे पाण्यात टाकायला आत गेल्या. प्रेमिला हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

माझ्याकडे शेवटचा पुरावा शिल्लक होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मग पार्सल कुठे आहे?" (सासूबाई आत ऐकत होत्या आणि तोंडात 'तू' आलं होतं, म्हणून दोन्ही न लागणारं वाक्य निवडलं.)

"ते तर पोचलं ना," विवेक म्हणाला. "इथी दाखवून राहिलं. अर्जुनी, डिलिव्हर्ड."

"आलेलं नाही."

आतून, माशावर पाणी ओतता ओतता, सासूबाईंचा आवाज आला. "कोणत्या अर्जुनीले?"

मी प्रेमिलाच्या फोनवरून माहेरी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, हो, खोकं आलं आहे, तुझ्याच नावाचं, पिनकोड आपलाच आहे. म्हटलं येशील तेव्हा नेशील. मात्र वर इंग्रजीत 'मसान' लिहिलेलं त्यांनी अक्षरं जुळवून वाचलं, तेव्हापासून आईनं ते घरात घेऊ दिलं नव्हतं. बाहुली छपरीत, सरपणाशेजारी पडून होती.

पत्ता मीच भरला होता, हे मी सांगितलंच आहे. बोटांना माहेरचा पिनकोड पाठ होता, आणि बोटांवर मी संशय घेतला नव्हता.

एवढ्या बायकांसमोर काहीतरी वाचवणं भाग होतं. मी डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की लोकांचं जाऊ द्या, मला तर पहिल्या दिवसापासून तुमच्यावर पूर्ण विश्वास होता. रुक्माबाईंनी मान डोलावली. विवेकही जरा विरघळला. त्यानं विषय संपवायला गुंजनला हाक मारली आणि स्क्रीनवर गाल पुढे करून पापी मागितली.

गुंजननं खडू खाली ठेवला, फोन दोन्ही हातांनी धरला, आणि माझ्यासारखेच डोळे बारीक करून बापाकडे बराच वेळ पाहिलं.

"आधी बोर्ड दाखव," ती म्हणाली.