खळ घातलेले लंगोट

मंडळी, ज्या माणसानं जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनांची पोटं उघडली, त्याला एका तान्ह्या पोरीचं ढुंगण कोरडं ठेवता येऊ नये? हाच सवाल मी माझ्या मुलीला, नेवेनाला, छाती काढून विचारला. तिच्या कडेवर तिची कालिना होती. पाच महिन्यांची, चांगल्या कलिंगडाच्या वजनाची!

"बाबा, इंजिन रडत नाही," नेवेना म्हणाली.

"कोण म्हणतं? रडतं! मी ऐकलंय!"

झालं होतं असं. माझी बायको ल्युबिंका गेल्या ऑक्टोबरात गेली. नेवेना आईच्या शेवटच्या दिवसांत आमच्याकडे वाल्येवोला आली, बाळंतपणही इथंच झालं. जावई ओग्न्येन तिकडे ऑस्ट्रियात ट्रक चालवतो. आता गावातल्या एका औषधाच्या दुकानात नेवेनाला नोकरी मिळत होती, पण पाळणाघरात एवढ्या लहान पोरीला घेत नाहीत. नेवेना म्हणाली, "आठवडाभर कामावर जाऊन बघते. हिचं तुम्हाला जमलं तर इथंच राहीन. नाही तर ओग्न्येनकडे जाईन."

मला त्या दोघी इथं हव्या होत्या. उगाच आडपडदा कशाला? सबंध हिवाळा त्या होत्या म्हणून मी वेळेवर जेवलो, दाढी केली. त्या गेल्या असत्या तर मी रेडिओशी बोलत बसलो असतो, आणि आमचा रेडिओ काही ऐकून घेणारा नाही.

सोमवारी नेवेना डायपरचं पुडकं ठेवून गेली. पोरीनं जरा कुरकुर केली की मी डायपर बदलायचो. ती हसली तरी बदलायचो, न जाणो! दुपारपर्यंत पुडकं रिकामं! मग पोरीला गाडीत घालून दुकान गाठलं. तिथं डायपरची भिंतच उभी. मी एकेक पुडकं हुंगलं. एकाला फुलांचा सुरेख वास येत होता. ल्युबिंका गेल्यापासून आमच्या घराला बंद कपाटासारखा वास येतो, म्हटलं तेवढंच बरं वाटेल. आणि मापाचं म्हणाल तर पोरांचे बूट आपण नेहमी वाढत्या अंगाचे घेतो. म्हणून तेच पुडकं, दोन मापं मोठं, घेतलं!

तो मोठा डायपर मांड्यांशी ढिला पडे, म्हणून मी त्याच्या पट्ट्या आवळून आवळून लावल्या. संध्याकाळी नेवेनानं उघडून पाहिलं तर पोरीचं ढुंगण भाजून सोललेल्या तांबड्या ढोबळी मिरचीसारखं लाल! पट्ट्यांच्या कडा जिथं घासल्या तिथं तर पुरळच उठलं होतं.

"बाबा, हिला वासाचं काही चालत नाही. सांगितलं होतं ना मी?"

"अगं, फुलांचा वास होता! फुलांनी कुणाचं वाईट झालंय?"

तिनं मलमाची डबी उघडली. रागावली असती तर बरं झालं असतं. पोरीला मलम लावताना तिचे डोळे भरून आले. म्हटलं, गेली ही ऑस्ट्रियाला!

"थोडे दिवस सुती कापडच वापरू या," ती शेवटी म्हणाली. "आईच्या कपाटात माझे जुने लंगोट असतील."

होते तर! पातळ जाळीदार सुती लंगोट, ल्युबिंकानं इस्त्री करून, निळ्या फितीनं बांधून ठेवलेले. मी ठरवलं, हे धुवायचे तर अगदी ल्युबिंका धुवायची तसेच धुवायचे. आधी उकळले. मग खळबळले. आणि शेवटच्या पाण्यात, तिच्या पत्र्याच्या डब्यातली पांढरी पूड घातली. ती घालताना मी तिला कितीदा तरी पाहिलं होतं. हात जरा सैल सोडला, नातीच्या बाबतीत काटकसर कसली!

वाळल्यावर लंगोट असे काही झाले की विचारू नका! टेबलावर ठेवला तर उभा राहिला. मी खूश. याला म्हणतात स्वच्छता!

कालिनाला मात्र ही स्वच्छता सोसेना. लंगोट बांधला की ती जी किंचाळायची ती थेट खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. खालच्या मजल्यावर देसांकाबाई राहतात. ल्युबिंकाची मैत्रीण, माझ्याहून वयानं मोठी, आणि आमच्या इमारतीचं हवामान खातं! बुधवारी त्या धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी एक लंगोट उचलला. तो त्यांच्या हातात सरळ आडवा राहिला.

"मिलिसाव, हे काय रे?"

"लंगोट."

"हा लंगोट? याच्यावर कॉफीचे कप ठेवून आणता येतील! कशात धुतलेस?"

मी अभिमानानं डबा पुढे केला. "ल्युबिंका शेवटच्या पाण्यात हीच पूड घालायची. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"अरे मेल्या, ती खळ आहे! ती तुझ्या शर्टांना घालायची!"

"शर्टांना?"

"तुझ्या कॉलरींना. म्हणायची, माझा माणूस आठवडाभर इंजिनाखाली लोळतो, पण रविवारी चर्चला निघाला की मंत्र्यासारखा दिसला पाहिजे."

मी मटकन खुर्चीत बसलो. मला आजवर वाटत होतं, कॉलर ही वस्तू मुळातच ताठ असते. डबा उलटा करून पाहिला. चिमूटभरही उरली नव्हती. तिनं माझ्यासाठी ठेवलेली शेवटची खळ मी लंगोटांवर उधळली होती! मला रडूच कोसळलं. पण पोरगी आधीच रडत होती, आणि घरात दोघांनी एकदम रडायचं म्हणजे तिसरं कुणी गप्प करणारं लागतं. देसांकाबाईंनी तिला उचललं आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. त्यानं जरा बरं वाटलं.

मी मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आजोबा, कोमट पाण्यानं धुवा, हलक्या हातानं टिपा आणि थोडा वेळ तसंच मोकळं ठेवा. तिच्या कातडीला वारा लागू द्या."

वारा! आता तुम्हाला काय सांगू! आमच्याकडे माणूस लढाईतून जिवंत परत येतो, पण समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधून वाहणाऱ्या वाऱ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही, अशी सगळ्यांची ठाम समजूत. या वाऱ्याला आम्ही प्रोमाया म्हणतो आणि घरात साप शिरल्यासारखे त्याला घाबरतो. माझीही तीच समजूत. तरी मी कानटोपी घातली, गळ्याला मफलर गुंडाळला, पोरीला उघडं करून टेबलावर दुपट्यावर ठेवलं आणि दोन्ही खिडक्या उघडल्या.

"प्रोमायाऽऽ!" देसांकाबाई अशा ओरडल्या की वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन दोब्रिवोये सपाता फटफटवत धावत आले.

"मिलिसाव, वेड लागलं का? पोरीची मूत्रपिंडं जातील!"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!"

"डॉक्टरीणबाईंचं वय काय?" दोब्रिवोयेंनी विचारलं. "पोरसवदा असेल! तिनं प्रोमाया पाहिलाय कुठं?"

देसांकाबाई एक खिडकी लावत, मी उघडत असे. दोब्रिवोये दुसरी लावत, मी तिकडे धावत असे. शेवटी तह झाला: खिडकी एकच उघडी, आणि देसांकाबाई रजई ताणून धरून मध्ये भिंतीसारख्या उभ्या राहणार. दोब्रिवोये पोरीला नीट बघायला वाकले आणि तिनं नेमका तोच मुहूर्त साधला. सपाता चिंब!

दारात नेवेना उभी होती. कानटोपी घातलेला बाप, रजई धरलेली शेजारीण, एका पायावर उभा असलेला पोस्टमन, आणि मधोमध उघडीवाघडी, खिदळणारी पोर! नेवेनानं दाराचा आधार घेतला आणि हसत सुटली. आई गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं. मनात म्हटलं, मिलिसाव, जिंकलास! राहते ही!

मग मी काही चुकू दिलं नाही. नेवेनानं आणलेले बिनवासाचे, पोरीच्या मापाचे डायपर, तेही बाहेर जातानाच. एरवी खळ धुऊन काढलेले मऊ लंगोट, आणि दर खेपेला कोमट पाणी. कडेत बोट सहज जाईल इतकं सैल बांधायचं, हेही शिकलो. शनिवारी कालिनाची कातडी लोण्यासारखी झाली. मी तिला मिरवत नेवेनाच्या खोलीत नेलं.

"एक ठिपका दाखव! बक्षीस देतो!"

नेवेना बॅग भरत होती.

"बाबा, आम्ही उद्याच्या बसनं जातोय."

"त्या फुलांच्या डायपरमुळे ना?"

"नाही हो."

"मग खळीमुळे! देसांकाबाईंनी सांगितलं वाटतं?"

"बाबा, ऐका तरी. ओग्न्येननं अजून पोरीला हातातसुद्धा घेतलेलं नाही. फोनवर बघतो आणि रडतो. तिला बाप हवाय. मलाही तो हवाय. आठवडाभर मन लावून बघितलं, नाही लागलं. तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर."

"आणि दर शनिवारी तुझ्या आईच्या थडग्यावर तिच्या आवडीची कॉफी कोण नेणार?"

ती पुन्हा बॅग भरू लागली. मला मात्र राहवेना.

"म्हणजे मी पहिल्याच दिवशी बिनवासाचा, मापाचा डायपर आणला असता तरी?"

"तरीही, बाबा."

खरं सांगू? चूक माझी आहे असं वाटत होतं तोवर बरं होतं. चूक असली की दुरुस्त करता येते. वास नसलेला आणायचा, खळ धुऊन काढायची, खिडकी उघडायची. पण मुलीला नवऱ्याकडे जायचंय, यात मी काय दुरुस्त करणार? कालिना माझी मिशी ओढत होती. मी ओढू दिली.

रविवारी बस सुटायच्या वेळेला पोरीनं डायपर भरला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, लोक खिडकीतून ओरडताहेत, "अहो आजोबा, आटपा!" मी स्टँडच्या बाकावर पोरीला निजवलं. पुसलं, टिपलं, जरा वारा लागू दिला आणि बांधलं. सुरकुती नाही, आवळलेलं नाही, बोट सहज आत!

"किती छान बांधलात, बाबा," नेवेना म्हणाली आणि पोरीला घेऊन बसमध्ये चढली.

तर मंडळी, आजच्या घडीला अख्ख्या वाल्येवोत माझ्यासारखा डायपर बांधणारा दुसरा माणूस नाही. फक्त गिऱ्हाईक तेवढं ऑस्ट्रियाला गेलंय.