एक डंडी दगाबाज

आमच्या शेजारचे दौलतकाका रामटेके फोन लावायच्या आधी मोबाईल विमानात बसवतात. स्वतः ते जन्मात विमानात बसलेले नाहीत. पण खिशातून फोन काढला की पहिलं काम विमानाच्या चित्रावर बोट ठेवायचं. फोन सगळ्या जगापासून तुटला याची खात्री झाली की मग वायफाय चालू करायचं. वरच्या कोपऱ्यात वायफाय कॉलिंगची बारीक खूण उमटेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचं. ती उमटली की आजूबाजूला कुणी असो-नसो, मोठ्यानं सांगायचं, "लागली. आता बोला."

काका एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. नोकरीभर खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या, त्यामुळे त्यांचा आवाज हळू होतच नाही. फोन लागला की सगळ्या गल्लीला कळतं.

मी मूळचा नेरचा. बायको आणि मुलगी तिकडेच असतात. मी इथे शेजारच्या तांड्यावरच्या शाळेत शिक्षक, आणि राहायला काकांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत. गाव बोरी अरबपासून फार लांब नाही, पण टेकडीच्या आड बसलेलं. टॉवर टेकडीच्या पलीकडे. तिकडच्यांना पुरून उरलेला सिग्नल तेवढा आमच्याकडे येतो. खोलीच्या खिडकीत उभं राहून बायकोला फोन लावला की "जेवलात का" एवढं ऐकू यायचं आणि पुढचं गायब. मी "हो" म्हणेपर्यंत फोन कटलेला असायचा.

अशा गावात काकांनी स्वतःहून घरात इंटरनेटची तार ओढून घेतली, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक मोबाईलचं वायफाय कॉलिंग चालू करणं ही आपली जबाबदारी आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेत म्हणून दाखवेन. "पाहा सर, सिग्नलची डंडी बिलकुल नसली ना, तं फोन गुमान वायफायवर येते. दोन-तीन डंड्या असल्या तं टॉवरवर बोलता येते. पण एक डंडी असली का तो तिच्याच भरवशावर बसते. ती बोलू बी देत नाई अन् दुसरीकडं जाऊ बी देत नाई. एक डंडी दगाबाज." म्हणून आधी विमान. ती एक डंडी मारून टाकायची, म्हणजे फोनला दुसरी आशा राहत नाही.

वैतागाची गोष्ट अशी की हे खरं आहे.

दिवसभर पोरांना शिकवून, ॲपवर हजेरी टाकून, खिचडीचा फोटो चढत नाही म्हणून पुन्हा पुन्हा काढून मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा मला फक्त आडवं व्हायचं असतं. चपला काढल्या की भिंतीपलीकडून हाक येते, "सर आले काय? जरा टेस्टिंग कराची होती." मग ते त्यांच्या घरातून मला फोन लावणार. भिंत एवढी पातळ की आवाज आधी भिंतीतून येतो आणि मग फोनमधून.

"सरळ येऊन राह्यला का कटून कटून?"

"सरळ येतोय, काका."

"मंग आता मी मोरीत जाऊन बोलतो. तुम्ही ठेवू नका."

मोरीत आवाज तुटला. कारण शोधता शोधता संशय वत्सलाकाकूंच्या लोखंडी कपाटावर गेला. कपाट लग्नातलं, काकूंच्या माहेरचं. काका म्हणाले, लोखंड सिग्नल अडवते. ते कपाट मी आणि काकांनी मिळून आधी दक्षिणेच्या भिंतीला नेलं, मग पूर्वेच्या, मग परत होतं तिथे. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "यायले म्हना, मलेच बाहीर काढा. माह्याच आंगात लोखंड असन." काकांनी त्यावर खरोखर विचार केला, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

शेवटी वायफायचा डबा बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखालच्या फळीवर स्थिरावला. तिथून तो ओट्यावर आणि अंगणात कडुनिंबापर्यंत पोचतो. त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं की फोन मरतो. लोक बोलता बोलता चालतात, ही माणसाची खोड काकांना सुधारता येईना. मग त्यांनी अंगणात चुन्याची रेघ मारली. आता गल्लीतली माणसं त्या रेघेच्या आत उभी राहून बोलतात. एकजण सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करतोय, एकजण जावयाला समजावतोय, आणि काका मधे खुर्ची टाकून कुणाचं पाऊल रेघेकडे सरकतंय यावर नजर ठेवून. बाजूच्या गल्लीतल्या एका मुलाच्या लग्नाची बोलणी अशीच त्या अंगणातून झाली. मुलीकडच्यांनी मुलाच्या दारूबद्दल स्पष्ट विचारलं आणि फोन स्पीकरवर असल्यानं ते सगळ्यांनी ऐकलं. मुलाचा बाप काकांवर चिडला. काका शांतपणे म्हणाले, "लाइन तं साफ होती ना?"

वायफाय कॉलिंगचं बटण प्रत्येक कंपनीनं वेगळ्या ठिकाणी दडवलेलं असतं. काका ते शोधून काढतात. "सेटिंगमधी जा. सिमवर जा. खाली. अजून खाली. थांब." काही स्वस्त फोनांत ते बटणच नसतं, आणि मग काकांचा चेहरा असा पडतो की फोनवाल्यालाच त्यांची समजूत घालावी लागते. एकदा गल्लीत तेरवी होती. मुलगा डोकं भादरून बसलेला. काका त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचा मोबाईल मागून घेतला. पंगत उठेपर्यंत ते कोपऱ्यात बसून त्याची सेटिंग करत होते. मी नंतर म्हटलं, काका, आज तरी. तर म्हणाले, "दुखवट्याचे फोन येतीन ना. लागले पायजे."

कंपनीच्या हेल्पलाइनशी त्यांचे घरोब्याचे संबंध आहेत. तिथे रोज नवी मुलगी असते आणि काका रोज विचारतात, बाई, तुम्ही कुठल्या. ती सांगत नाही. ती फक्त सांगते की डबा बंद करून चालू करा. या एका उपायावर काकांची अपार श्रद्धा आहे. डबा, मोबाईल, टीव्ही, सगळ्यांना तोच. मागे मला ताप आला तेव्हा खोलीत डोकावून म्हणाले, "जरा बंद होऊन चालू व्हा, सर." आणि दार ओढून घेतलं.

मी हे सगळं हसत सांगतोय, पण रोज सोसताना हसू येत नसे. कितीदा मी खोलीत असूनही दिवा लावला नाही, की टेस्टिंग टळावं. आणि मला एक कोडं पडायचं. या माणसाला फोन येताना मी कधी बघितलं नव्हतं. मुलगा गावातच, शेतावर. नातेवाईक म्हणावेत तर सणावारी भेटणारे. मग एवढी साफ लाइन यांना हवी कशाला? एकदा काकूंना विचारलं. त्या तुरीची डाळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "दुपारी बोलत असतेत ना." दुपारी मी शाळेत असतो. मी पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारीत पाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी आला आणि त्यानं रस्त्याकडेची इंटरनेटची तार तोडली. गावाला फारसा फरक पडला नाही. लोक पुन्हा पूर्वीसारखे टेकडीवर चढून बोलायला लागले. काका मात्र सैरभैर झाले. पहिल्या दिवशी डबा बंद-चालू करत बसले. दुसऱ्या दिवशी तुटलेल्या तारेजवळ जाऊन उभे राहिले. टेकडीवर जाऊन आले, तर वारा फार, म्हणाले, काही ऐकू येत नाही. मग टेस्टिंगची हाक बंद झाली. संध्याकाळी मी येऊन आडवा व्हायचो आणि भिंतीपलीकडे नुसती शांतता. मला बरं वाटायला हवं होतं.

तार जोडणारा आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं. एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन गाडी लावतोय तोवर काका अंगणात आले. पांढरा सदरा, पायात बूट. म्हणाले, सर, बोरीले नेता काय, तिथं टॉवर चांगला आहे. मी दमलो होतो. माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार, कारण लगेच म्हणाले, राहू द्या, उद्याच्या गाडीनं जाईन. काका कधी "राहू द्या" म्हणणारे नव्हते. मी गाडी वळवली.

बोरीत रस्त्यावर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, हॉर्न वाजत होते. काकांनी फोन काढून बघितला, पूर्ण डंड्या होत्या, तरी त्यांनी फोन लावला नाही. आवाज नको, म्हणाले. मग आम्ही गावामागच्या शाळेकडे गेलो. शाळा सुटलेली होती, फाटक उघडं होतं. काका व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पुसदला भाच्याच्या घरी फोन लावला. भाचेसुनेनं उचलला. काका म्हणाले, दे बरं बाईजवळ.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, यमुनाबाई. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की काका अगदी हळू आवाजात बोलायला लागले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तूर खळ्यावरून घरी आली. वत्सलाचे गुडघे तसेच आहेत. आंब्याला मोहर बरा आहे. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, फोन कानाला दाबायचे, आणि मग पुढचं वाक्य. पलीकडून कुणी काही बोलत असेल असं वाटत नव्हतं.

एकदा ते फार वेळ थांबले. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"सर, तुमचे कान जवान आहेत. पाहा बरं, हूं म्हणते काय?"

मी फोन कानाला लावला. पलीकडे पंख्याची घरघर. लांब कुठेतरी भांडी. माणूस कुठेच नाही. मी फोन परत देणार एवढ्यात अगदी कानाजवळ आवाज आला. बारीक, घशातला, अर्धवट. "हूं."

"म्हणाल्या," मी म्हणालो.

काकांनी फोन घेतला आणि तिथून पुढे जोरात सुरुवात केली. म्हशीला पारडू झालं, त्याच्या कपाळावर पांढरं आहे. "तुह्या चंद्री म्हशीवानी, बाई."

बोलून झाल्यावर फोन मांडीवर चालूच ठेवून त्यांनी मला सांगितलं. बाईला मागच्या वर्षी लकवा मारला. सगळं समजतं, जेवते, माणसं ओळखते, पण वाचा गेली. "पहिले तीच बोलाची, सर. मी नुसता हूं हूं कराचो. कदीमदी फोन खाटेवर ठिवून चाय घेऊन याचो, तरी तिचं सुरूच राहे." ते जरासे हसले. "आता तिच्याजवळ तेवढंच उरलं. एवढंसं हूं. आपल्या गावातल्या टॉवरवर ते येतच नाई, मधीच कटून जाते. मंग समजत नाई ना, बाई उगी राह्यली का लाइन गेली. वायफायवर येते."

मी विचारलं, भेटायला नाही जात? जातो, म्हणाले, महिन्यातून एकदा. पण निघताना ती हात सोडत नाही. सून बोटं एकेक करून सोडवते. ते पाहून यायचं आणि पुसदपासून घरापर्यंत गाडीत बसायचं, ते सोसत नाही आता. फोनवर बरं, म्हणाले.

सूर्य टेकडीकडे झुकला होता. माझी पाठ दुखत होती, घरी जाऊन भात लावायचा होता. मी किल्ली काढली. काकांनी मान हलवली आणि मांडीवरच्या फोनकडे बोट केलं. तो अजून चालू होता.

"तिले कट करता येत नाई," ते हळूच म्हणाले. "अन् इकडून कट केला तं टू टू वाजते, मंग घाबरते. सून येऊन उचलन, तवर राहू देतो."

सून स्वयंपाकात असावी. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता, मधेच खाट करकरल्याचा. काका त्यावर कान ठेवून स्वस्थ बसले होते. मी किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.