सर ‘येतो’ म्हणाले

“विमान चुकतं ते इतरांचं! माझं चुकणार नाही. आणि चुकलंच, तर चूक विमानाची असेल!”

असं सरांनी आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि ताटं बाजूला सारून एक कागद पसरला. कागदावर पट्टीनं आखलेले रकाने होते. सरांनी एकतीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवलं होतं. एकाच तासाला दोन शिक्षक एका वर्गात शिरले, असं एकतीस वर्षांत एकदाही घडलं नाही, आणि ही गोष्ट सर दवाखान्यात, लिफ्टमध्ये, केस कापताना, भेटेल त्याला सांगत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात तास चालूच होते. प्रवासाचेही त्यांनी नऊ तास पाडले होते. तास चौथा, धक्का. तास पाचवा, बोट. मग सात मिनिटांची मधली सुट्टी.

“मधल्या सुट्टीत काय करायचं?” बायकोनं विचारलं.

“विश्रांती.”

“पण आधी बोटीत पन्नास मिनिटं बसूनच असणार ना आपण?”

“ते बसणं वेगळं. तो तास आहे!”

विमानतळ पाण्यापलीकडे होता. पुलाचं काम चालू असल्यामुळे रस्त्यानं किती वेळ लागेल हे पूल बांधणारेही सांगू शकत नव्हते. म्हणून सरांनी शेअर वॉटर टॅक्सी निवडली होती. आठ चाळीसला बोट, साडेनऊला विमानतळ, दहा वाजून पाच मिनिटांनी काउंटर बंद, अकरा पाचला विमान.

आणि हे विमान चुकून चालणारच नव्हतं. दिवसाला ते एकच होतं, आणि संध्याकाळी साडेसहाला लेकीचा पहिला एकपात्री प्रयोग होता. ती सातवीत असताना तिला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले होते. पण कार्यक्रम चार मिनिटं मागे पडलेला बघून त्यांना राहवेना. ते उठून पडद्यामागे गेले, आणि त्यांनी कार्यक्रम वेळेवर आणला. इतका वेळेवर, की ते परत येईपर्यंत बक्षीस देऊन झालं होतं! लेकीनं स्टेजवरून रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला होता. पुढे त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सरांना अधूनमधून वाटे.

या वेळी ती फोनवर एवढंच म्हणाली, “बाबा, पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. मी वरून बघणार आहे.”

“येतो,” सर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर पोचले तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. म्हणजे वेळापत्रकाच्या तीन मिनिटं पुढे! सोबत चार बॅगा आणि मेहुणा. मेहुण्यानं दोन बॅगा स्वतःच्या स्कूटरवरून आणल्या होत्या. तो चाळिशीचा, फ्रिज दुरुस्त करणारा, अंगानं आडवातिडवा माणूस. पण आठवीत तो सरांच्या वर्गात होता. नंतर त्याच सरांशी बहिणीचा संसार चालू असल्याचं रोज बघूनही त्याची भीती काही गेली नव्हती. सर समोर आले की तो अजूनही शर्टाचं वरचं बटण लावी.

“स्कूटरची किल्ली दे इकडे,” सर म्हणाले.

“कशाला, सर?”

“बॅगा उचलताना पाण्यात पाडशील. गेल्या वर्षी दोन हरवल्यास.”

“तीन, सर.”

किल्ली सरांच्या खिशात गेली. सरांचा स्वतःचा फोन मात्र पाण्यात पडू नये म्हणून काळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. तिकिटं आणि ओळखपत्रांची फाइल सरांच्या काखेत. सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे.

बोट बारा आसनांची होती. बोटवाला दोर हातात धरून निवांत उभा होता.

“किती वाजता सोडणार?” सरांनी विचारलं.

“बारा झाले की.”

“बारा? अहो, अकरा पाचचं विमान आहे!”

“बारा माणसं, काका! बारा माणसं झाली की, नाहीतर आठ चाळीसला. जे आधी होईल ते.”

“आणि मोजल्याशिवाय सोडायची नाही. एकेक डोकं मोजायचं!”

“मोजतो की. रोज मोजतो.”

बॅगा शेपटाकडे रचल्या गेल्या. सगळ्यांना नारिंगी जॅकेटं मिळाली, आणि निरनिराळी माणसं क्षणात एका फळवाल्याच्या टोपलीसारखी दिसू लागली. सरांच्या बायकोला पाण्याची धास्ती. तिनं उलटीची गोळी घेतली, डोळ्यांवर रुमाल टाकला आणि म्हणाली, “पलीकडे लागलं की सांगा.” सर तिच्या शेजारी बसले. मेहुणा धक्क्यावर हात जोडून उभा राहिला. आठ एकतीस.

इथे खरं तर काही घडायला नको होतं. पण सरांची नजर तिकीटखिडकीशेजारच्या फळ्यावर गेली. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘सूटण्याची वेळ ८.०४’.

सर ताठ झाले.

“त्या फळ्याप्रमाणे ही बोट सत्तावीस मिनिटांपूर्वी गेली!”

“पण ती इथेच आहे की,” बायको रुमालाखालून म्हणाली.

“तेच तर चूक आहे ना! आणि ‘सूटण्याची’तला सू दीर्घ!”

“अहो, राहू दे. बसा.”

“दोन मिनिटांचं काम आहे.” सरांनी जॅकेट काढलं आणि मेहुण्याला हाक मारली. “ये, हे घाल. माझ्या जागेवर बस. मी आल्याशिवाय उठायचं नाही. कळलं?”

“हो, सर.” मेहुणा बसला. हात मांडीवर, पाठ सरळ.

सर फाइल सावरत धक्क्यावर उतरले आणि मागे वळून बोटवाल्याला म्हणाले, “येतो हं!”

“या काका, या! सांभाळून!” बोटवाला प्रेमानं म्हणाला.

आता या शब्दाची करामत बघा! लगेच परत येणारा माणूसही ‘येतो’ म्हणतो, आणि निरोप घेऊन घरी जाणाराही ‘येतो’च म्हणतो. बोटवाल्यानं पाहिलं ते असं : एक काका पाहुण्यांना पोचवायला आले होते, जरा वेळ बोटीत टेकले, निरोप घेतला, गेले. चांगला माणूस! तो दोर धरून शेवटच्या दोन प्रवाशांची वाट बघू लागला.

तिकडे खिडकीवाल्या बाईंनी सरांना खडू दिला. काम दोन मिनिटांचंच होतं. पण पुसलं तर नीट पुसावं, म्हणून सरांनी आख्खा फळा पुसला. पुसलाच आहे तर मथळा लिहिला. मथळा आहे म्हटल्यावर खाली रेघ आली. मग ‘सुटण्याची’तला सु, ऱ्हस्व आणि डौलदार. मग आठ. मग चार.

शेवटचे दोघे चढले, तशी बोटवाल्यानं डोकी मोजली. एक, दोन, तीन... बारा. बरोबर!

सरांनी शून्य काढायला घेतलं. शून्य पूर्ण झालं आणि इंजीन सुरू झालं. त्या धक्क्याच्या इतिहासात फळ्यावरची वेळ आणि बोटीची वेळ पहिल्यांदाच जुळली होती!

“थांबा! अहो, थांबा!” सर खडू हलवत धावले.

बोटवाल्यानं हसून हात हलवला. प्रवाशांनीही हलवला. माणसं पोचवायला आलेल्यांचा जीव असा तुटतोच, हे त्यांना माहीत होतं. मेहुणा तेवढा अर्धवट उठला, सरांचा हुकूम आठवून पुन्हा बसला आणि ओरडला, “काळजी करू नका सर, जागा धरलीय!”

बोट गेली. सर, फाइल आणि खडू धक्क्यावर राहिले.

“पुढची साडेदहाला,” खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. मग फळ्याकडे बघून म्हणाल्या, “अक्षर मात्र छान हो!”

त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. सरांना दोनच नंबर पाठ होते. एक शाळेच्या ऑफिसचा, दुसरा स्वतःचा. त्यांनी दुसरा लावला. बराच वेळ वाजल्यावर बायकोचा झोपाळू आवाज आला.

“हॅलो, सर आत्ता बोटीत आहेत. नंतर करा.”

“अगं, मीच बोलतोय!”

“तुम्ही? तुमचा फोन तर माझ्या हातात आहे!”

“मी धक्क्यावर आहे!”

“काहीतरीच काय! माझ्या शेजारी...” इथे रुमाल बाजूला झाला असावा. “अगं बाई! तू काय करतोयस इथे?”

“जागा धरलीय, ताई,” असं मेहुण्याचं उत्तर ऐकू आलं.

“तिकिटं?” बायकोनं विचारलं.

“माझ्याकडे.”

“ओळखपत्रं?”

“माझ्याकडे.”

“मग आम्ही तिघं... म्हणजे मी, हा आणि चार बॅगा, तिथे जाऊन करायचं काय?”

“त्याला सांग, बॅगा सोडायच्या नाहीत, जागचं हलायचं नाही! मी येतो!”

कशानं येणार, हे मात्र सरांनाही माहीत नव्हतं.

“सर, लॉन्ड्रीची बोट जाते विमानतळाच्या हॉटेलात,” खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. “ती बघा, निघतेच आहे.”

लॉन्ड्रीवाली पन्नाशीची, भरदार दंडांची बाई होती. बोट चादरी-टॉवेलांच्या गाठोड्यांनी गळ्यापर्यंत भरली होती.

“बसा त्या गाठोड्यावर,” ती म्हणाली. “पण हलू नका, इस्त्री मोडते. विमान चुकलं होय?”

“बोट.”

“अरेरे! झोप लागली?”

“नाही. फळ्यावर चूक होती.”

लॉन्ड्रीवालीनं सरांकडे एकदा नीट पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. काही दुःखं विचारून वाढवू नयेत, एवढी समज तिला होती.

पण बोट थेट जात नव्हती. वाटेत दोन हॉटेलं होती. पहिल्या हॉटेलाच्या पायऱ्यांवर एक माणूस गाठोडी उतरवून घेऊ लागला. सरांनी घड्याळ पाहिलं, नऊ सतरा! तेही भराभरा गाठोडी उचलू लागले. तेवढ्यात त्या माणसाची यादी त्यांच्या नजरेस पडली. यादीत लिहिलं होतं : ‘ऊशा – चाळिस’. ऊ दीर्घ. ळि ऱ्हस्व. सरांचा हात खिशातल्या खडूकडे गेला.

“सर,” लॉन्ड्रीवाली सुकाणू धरून म्हणाली, “बोट सुटतेय हं.”

सरांनी डोळे घट्ट मिटले आणि उडी मारली ती थेट टॉवेलांवर. दुसऱ्या हॉटेलाला त्यांनी यादीकडे पाठ करूनच काम केलं. एकतीस वर्षांत इतके कष्ट त्यांना कधी पडले नव्हते!

नऊ त्रेपन्नला विमानतळाचा धक्का दिसला. धक्क्यावर गर्दी होती, आरडाओरडा होता. एव्हाना परत निघायला हवी होती ती शेअर बोट तिथेच उभी होती. तिच्यात चार बॅगांच्या मध्ये, नारिंगी जॅकेट घालून, पाठ सरळ ठेवून मेहुणा एकटा बसला होता. परतीचे प्रवासी पायऱ्यांवर खोळंबले होते. बोटवाला हात जोडून विनवत होता.

“अहो, वीस मिनिटं झाली! उतरा की आता! हवं तर बॅगा मी उचलतो!”

“सर आल्याशिवाय नाही.”

“अहो, कोण सर?”

“चांगलं समजावलं मी,” सरांची बायको पायरीवर बसून सांगत होती, “पण लहानपणापासून हा असाच. एकदा अंगठे धरून उभा केला होता, तर शाळा सुटली तरी उभाच!”

“ऊठ!” सर चादरींच्या ढिगावरून गरजले.

मेहुणा ताडकन उठला. इतका ताडकन, की बोट हलली आणि बोटवाला बसला! त्यानं सरांना ओळखलं आणि तोंडाचा आ केला.

“काका, तुम्ही? तुम्ही तर ‘येतो’ म्हणून गेलात ना?”

“मग आलो की!” सर म्हणाले.

पुढची आठ मिनिटं वेळापत्रकात कुठेच नव्हती. दोन बॅगा मेहुण्याच्या हातात, एक डोक्यावर, चौथी सर आणि बायको दोन बाजूंनी ओढतायत, आणि चाकं दोघांच्या मताविरुद्ध तिसरीकडे चाललीयत! काउंटरवरची मुलगी पाटी फिरवत होती तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. तिच्या मागच्या घड्याळात मात्र दहा वाजून सहा. सरांनी ते पाहिलं. तोंड उघडलं. बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं आणि फाइल पुढे केली.

आत जाताना त्यांना भरून आलं होतं. मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “शाबास! येतो रे!”

“या, सर,” मेहुणा म्हणाला आणि त्यानं वरचं बटण लावलं.

संध्याकाळी सहा सत्तावीसला सर पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. कपड्यांना अजून धुलाईचा वास येत होता. पडद्याच्या कडेनं लेक धावत आली, वाकून हळूच म्हणाली, “बाबा, बसा. मी आल्याशिवाय उठायचं नाही हं.” आणि वळताना म्हणाली, “येते!”

सरांनी तिचं मनगट धरलं. “नक्की कोणतं? परत येतेस ते, की जातेस ते?”

“अं?”

“काही नाही. ये.”

साडेसहा झाले. पडदा हलेना. सहा बत्तीस. सहा चौतीस. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, त्याच्या बरोबर खाली कुणी तरी स्टूलही ठेवलं होतं! सरांनी हात मांडीवर ठेवले. पाठ सरळ केली. सहा सदतीसला पडदा उघडला, प्रकाशात लेक आली, आणि तिनं पहिल्यांदा पाहिलं ते डावीकडून तिसऱ्या खुर्चीकडे. मग ती हसली आणि प्रयोग सुरू झाला.

तेवढ्यात बायकोनं सरांना कोपरानं ढोसलं. तिच्या हातातल्या फोनवर मेहुण्याचा निरोप होता :

“ताई, मी परत येऊन स्कूटरजवळ थांबलोय. किल्ली सरांच्या खिशात आहे. सर येतो म्हणाले होते. साधारण किती वाजेपर्यंत येतील?”

सरांनी खिसा चाचपला. खडू होता. किल्लीही होती. पण उठायचं नव्हतं.